डिझेलचं पाचट

डिझेल पिणाऱ्या गाड्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच निदान डझनभर आहेत. पण डिझेल खाणारे जीव असतात हे मला कळलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका जनरेटरमुळे. ऐन रिलीजच्या रात्री लाईट गेले, जनरेटर सुरू झाला, दहा मिनिटं धडधडला आणि घसा बसल्यासारखा आवाज काढून गप्प झाला. (कोणतं ऑफिस ते विचारू नका, तिथले मित्र अजून हे वाचतात.) सकाळी मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला. त्यावर काळपट, बुळबुळीत थर.

"बुरशी धरलीय साहेब."

डिझेलला बुरशी? मला वाटलं, फेकतोय. पण तो फेकत नव्हता. टाकीच्या तळाशी दमट हवेतलं थोडं थोडं पाणी साठत जातं. ते पाणी आणि वरचं डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बुरशी आणि जिवाणू मजेत संसार थाटतात. यातल्या एका बुरशीला तर 'केरोसीन फंगस' असंच टोपणनाव पडलंय. खायला डिझेल, राहायला पाणी, अजून काय हवं? त्यावर उपाय म्हणजे पाणी काढून टाकायचं आणि टाकीत मारायचं औषध ओतायचं. आम्ही ओतलं. बग सापडला, बग मारला, तिकीट क्लोज.

याच जमातीला एक दिवस पोत्याने खत घालावं लागेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

माझ्या मामांची जमीन साताऱ्याच्या पुढे हायवेला लागून आहे. हायवेला लागून जमीन म्हटलं की आपल्या पुणेकर डोळ्यांपुढे लगेच हॉटेल नाहीतर प्लॉटिंग येतं. मामांच्या रानात ऊस असतो, थोडं सोयाबीन, भुईमूग. २०२३ च्या मे महिन्यात एक डिझेलचा टँकर पहाटे रस्ता सोडून त्या रानात उतरला आणि आडवा झाला. ड्रायव्हर वाचला, मुका मार लागला. टँकरला आत कप्पे असतात, त्यातला एक फुटला. उजाडायच्या आत कॅन, बादल्या, कळश्या घेऊन लोक हजर! (टीव्हीवर असं दृश्य पाहिलं की आपण हसतो किंवा चिडतो. तिथे मामी दांडकं घेऊन उभी होती, कारण कुणीतरी विडी ओढत येईल ही तिला धास्ती. अख्ख्या गावात तेवढं एकच शहाणपणाचं काम चाललं होतं.)

लोकांनी नेलं ते नेलं, बाकीचं रानाने प्यायलं. सगळ्यात वाईट पट्टा साधारण दोन गुंठ्यांचा. आणि त्याच्या उताराला मामांची विहीर.

मामांनी त्याच सकाळी जेसीबी बोलावून विहिरीच्या वरच्या अंगाला आडवा चर मारून घेतला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पाणी उताराला जातं, डिझेलही जाणार, एवढाच हिशोब. चरात साठलेलं डिझेल नंतर उपसून पिंपांत भरलं. त्यानंतर आला मामांचा मला फोन. इंजिनिअर भाच्याला सगळं येतं हा गावाकडचा एक समज आहे. प्रिंटरपासून ट्रॅक्टरपर्यंत मी तो निभावत आलोय.

मी फोन लावला तो मावसबहिणीला. ती मायक्रोबायॉलॉजी शिकवते, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईचं पहिलं वाक्य असं होतं, "जिवाणू विकत घ्यायच्या आधी तिथल्या मातीत काय आहे ते बघू."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही, कारण तोवर मी नेटवर दोन रात्री घालवून डोक्यात एकच चित्र तयार केलं होतं. तेल खाणारा एक सुपर-जिवाणू असतो, तो पुडीत मिळतो, तो शिंपडायचा, झालं. या चित्राला थोडाफार इतिहास आहे, आणि तो इतिहास एका बंगाली माणसाचा आहे. आनंद मोहन चक्रवर्ती (१९३८-२०२०) अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होते. स्युडोमोनास जातीचे काही जिवाणू तेलातला एखादा घटक खातात, काही दुसरा. ही पचवायची कृती त्यांच्या प्लाझ्मिडमध्ये असते. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी, आपल्या भाषेत प्लग-इन. चक्रवर्तींनी असे अनेक प्लग-इन एकाच जिवाणूत बसवले आणि १९७२ मध्ये त्या जिवाणूवर पेटंट मागितलं. सजीवावर पेटंट? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १६ जून १९८० ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. आजचा अख्खा बायोटेक उद्योग त्या निकालाच्या पायावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

आणि तो जिवाणू? तो उघड्यावर सांडलेलं तेल साफ करायला कधी वापरलाच गेला नाही. जनुकीय बदल केलेला जीव मोकळा सोडायला कोण परवानगी देणार? रेझ्युमे जगात भारी, प्रोजेक्टवर बिलिंग शून्य. (आमच्याकडेही असे असतात. असो.)

प्रत्यक्षात जिथे तेल सांडलं तिथली गोष्ट वेगळी होती. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यांवर जिवाणूंचा जो मोठा प्रयोग झाला त्यात जिवाणू बाहेरून आणलेच नव्हते. फक्त खत फवारलं, नत्र आणि स्फुरद. तिथलेच जिवाणू वाढले आणि नुसत्या सोडलेल्या किनाऱ्यापेक्षा खत दिलेल्या किनाऱ्यावरचं तेल लवकर कमी झालं. बाजारातली जिवाणूंची उत्पादनंही तपासली गेली, पण खतापेक्षा ठळक फायदा काही दिसला नाही.

का? तर तेल खाणारे जीव जवळजवळ सगळीकडे असतातच. डिझेल म्हणजे काय, कार्बनच्या लांब लांब साखळ्या. आणि पानांवर जो मेणाचा थर असतो त्यातही अशाच साखळ्या असतात. शेतात हजारो वर्षं पाला पडतोय, कुजतोय. तेव्हा ही साखळी तोडायची विद्या मातीतल्या काही जिवाणूंना आधीपासून येते. एरवी ते गर्दीत चार-दोन असतात. डिझेल पडलं की बाकीच्यांचे हाल होतात आणि यांची दिवाळी सुरू होते. साखळीच्या टोकाला ते आधी हवेतला एक ऑक्सिजन चिकटवतात, त्याचं अल्कोहोल होतं, मग त्याचं आम्ल. ते आम्ल म्हणजे सरळ सरळ चरबीच. तिथून पुढे दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत जायचं. आपण पुरणपोळीवरचं तूप पचवतो ते शरीर याच पद्धतीने. शेवटी उरतं पाणी, कार्बन डायऑक्साईड आणि भरपूर नवे जिवाणू.

फक्त एक अडचण आहे. डिझेलमध्ये कार्बन ढीगभर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच. नुसत्या साखरेवर माणूस किती दिवस काढेल? म्हणून ढोबळ प्रमाण सांगतात ते १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद.

ताई गावी आली तेव्हा हे सगळं ओसरीवर बसून मामांना समजावून सांगत होती. कार्बन जास्त, नत्र कमी, म्हणून जिवाणू अडतात, म्हणून युरिया आणि सुपर फॉस्फेट. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"आगं, म्हंजे हे पाचटच झालं की."

ज्यांचं बालपण उसाजवळ गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तुटून गेला की रानात वाळलेल्या पानांचा जो थर उरतो ते पाचट. पूर्वी ते सर्रास पेटवून द्यायचे. आता कृषी खातं, विद्यापीठ, कारखाने सगळे सांगतात की जाळू नका, कुजवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. युरिया का? तर पाचटात कार्बन जास्त आणि नत्र कमी, आणि युरिया दिला नाही तर कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणजे मला जे समजायला दोन रात्री लागल्या ते मामा दरवर्षी करत होते. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच घ्या माझं पुढचं लेक्चर."

तोवर दोन माणसं येऊन गेली होती. पहिला ट्रान्सपोर्टवाल्याच्या विम्याच्या बाजूने आलेला सर्व्हेअर. त्याच्या फॉर्मवर एका हंगामाच्या पिकाचं नुकसान बसत होतं, आणि माती बदलून देण्याचा खर्च बसत होता. माती बरी व्हायला लागणारा वेळ कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. दुसरा आला तो माती उचलणारा ठेकेदार. दोन दिवसांत काळी माती उचलतो, दुसरी आणून टाकतो, सही करा, पैसे घ्या. मामांनी विचारलं, उचललेली माती कुठं टाकणार? तो म्हणाला, पुढं एक बंद पडलेली खाण आहे. अशी माती रीतसर न्यायची तर घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर न्यावी लागते. ते नाव त्याच्या तोंडून आलं नाही.

"त्या खाणीच्या खाली बी कुणाची तरी हीर आसंल की," मामा म्हणाले आणि सही केली नाही.

खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं होतं की त्यांनी करावी. घरात मामेबहिणीच्या लग्नाचं चाललं होतं आणि ती रक्कम कमी नव्हती. मामी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. नुसता 'पर्यावरणपूरक उपाय' म्हणून लिहिलं की हा भाग गाळला जातो. जिवाणू स्वस्त पडतात हे खरं, पण ते वेळ खातात. आणि तो वेळ कुणाच्या तरी खिशातून जातो. इथे तो मामांच्या खिशातून गेला.

असो. तर कामाला लागलो. पाऊस तीन-साडेतीन आठवड्यांवर होता. दोन गुंठ्यांतली फूटभर माती म्हणजे अंदाजे ८० टन. ती उचलून विहिरीपासून लांब, चढावर नेली. खाली शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी बांध, वर पावसासाठी ताडपत्री. प्रयोगशाळेत नमुना दिला होता, किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास तेल निघालं. मग वहीवर हिशोब मांडला (एक्सेल उघडलं असतं तर मामांनी लक्ष दिलं नसतं). एक टन मातीत १० किलो डिझेल, त्यात कार्बन साडेआठ किलो. त्याला नत्र लागणार ८५० ग्रॅम, युरियात ४६ टक्के नत्र म्हणजे टनाला पावणेदोन-दोन किलो युरिया. स्फुरदासाठी सव्वा किलोच्या आसपास सिंगल सुपर फॉस्फेट. ८० टनाला युरियाची तीन पोती आणि सुपरची दोन! एवढ्यावर भागतं यावर माझा विश्वास बसेना. तेही एकदम द्यायचं नाही, हप्त्याने द्यायचं. कारण एकदम टाकलं तर खाराने आणि अमोनियाने तेच जिवाणू मरतात ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप.

खतापेक्षा अवघड गोष्ट होती हवा. एक किलो डिझेल पूर्ण पचवायला साडेतीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. आणि मामांची जमीन काळी, चिकण. भिजली की लोण्याचा गोळा, वाळली की दगड. त्यात हवा शिरणार कुठून? म्हणून भाताचं तूस आणि शेणखत मिसळून ती भुसभुशीत केली, आणि दर आठवड्याला ढीग खालीवर करायचा. पाणी किती? मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. भिजवून चिखल केला तर हवा संपते आणि काम थांबतं. ताईची आणखी एक सक्त ताकीद होती ती आगीची आणि वाफेची. पहिले काही दिवस मास्कशिवाय कुणी जवळ जायचं नाही, विडीवाला तर अजिबात नाही. (हे वाचून कुणी गॅरेजमागे प्रयोग सुरू करू नका. जाणकार माणूस सोबत हवाच.)

पुडीवाला विक्रेताही आला होता, चांगला कोट घालून. त्याच्या जिवाणूंच्या पुडीबरोबर एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, सोबत युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकावे, ओलावा राखावा, दर आठवड्याला माती खालीवर करावी. मी आणि ताईने एकमेकांकडे पाहिलं. मग ताईने एक छोटी पुडी विकत घेतली आणि तीन घमेल्यांत तीच माती भरली. एकात काहीच नाही, नुसतं पाणी आणि उलथापालथ. दुसऱ्यात खत. तिसऱ्यात खत आणि पुडी. तीन महिन्यांनी पहिल्या घमेल्यातलंही तेल कमी झालं होतं, कारण डिझेलचा बराच हलका भाग नुसता उडून जातो. त्याचं श्रेय जिवाणूंना देऊ नये. दुसरं आणि तिसरं पहिल्याच्या बरंच पुढे होतं आणि त्या दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. तीन घमेल्यांवरून सिद्धांत मांडू नये हे कळतं मला. पण अलास्काची आठवण झालीच.

म्हणजे पुड्या सगळ्या बोगस असं मात्र नाही. रिफायनरीचा गाळ डांबरासारखा जड असतो, खड्ड्यात वर्षानुवर्षं पडलेला. तिथे मामांच्या रानासारखी जिवंत माती नसते. तिथे निवडक जिवाणू वाढवून टाकण्याला अर्थ आहे. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेत डॉ. बनवारी लाल यांच्या गटाने पाच जातींचे जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुग्यावर बसवून 'ऑईलझॅपर' तयार केलं. ते आपल्याकडच्या तेल कंपन्यांच्या गाळावर वापरलं जातं. त्यासाठी ओएनजीसी आणि टेरीने २००७ मध्ये एकत्र कंपनीही काढली. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा-३ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हाही जिवाणूंचा उपाय पुढे आला होता. पण ते तेल गेलं होतं खारफुटीत. तिथल्या चिखलात बोटभर खाली ऑक्सिजन नाही, आणि चिखल खालीवर करायला जावं तर खारफुटीची मुळंच तुटतात. आमच्यासारखी कुदळ तिथे चालत नाही.

ऑक्सिजन नसेल तर काय होतं हे बघायचं तर अमेरिकेतल्या बमिजी गावाकडे बघावं. मिनेसोटा राज्यात २० ऑगस्ट १९७९ ला तिथे पाईपलाईन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं काढलं, तरी चार लाख लिटरच्या आसपास जमिनीत राहिलं आणि भूजलापर्यंत पोचलं. १९८३ पासून शास्त्रज्ञ ती जागा मोजताहेत. तिथले जिवाणू ऑक्सिजन संपल्यावर लोहावर श्वास घेतात, तेही संपलं की मिथेन बनवत बसतात. काम थांबत नाही, प्रदूषित पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कमी पसरलं. पण चाळीस वर्षांनंतरही तेल तिथे होतं! अलास्कातसुद्धा खडी खणून पाहिली तेव्हा, म्हणजे २००१ मध्ये, वाळूखाली हवा न पोचणाऱ्या थरात तेल सापडलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आमचा ढीग वरच्या फूटभर मातीचा होता. त्याच्या खाली काय गेलंय ते खालीच होतं, आणि उताराला विहीर.

पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीच्या पाण्यावर एक बारीक तवंग आलाच. इंद्रधनुष्यासारखा, बघायला सुंदर. मामीने म्हशींचं पाणी त्या दिवसापासून बंद केलं, लांबून नळाचं भरायला लागली. आम्ही चर आणखी खोल केला, त्यात जमणारं पाणी महिनाभर उपसून पिंपांत ठेवलं, वरचं तेल वेगळं केलं. तवंग नंतर आला नाही. गेल्या दोन्ही उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली, दोन्ही वेळा रिपोर्ट स्वच्छ. मामी अजून म्हशींना ते पाणी देत नाही. मी तिला रिपोर्ट दाखवला तर म्हणाली, "ठीव तो कागद तुझ्यापाशी."

ढिगाचं म्हणाल तर पाच महिन्यांत तेल एक-तृतीयांशावर आलं, आणि मग आकडा हळू झाला. सोप्या साखळ्या आधी खाऊन होतात, मागे राहतात ते फाटे फुटलेले आणि वेढ्यावेढ्यांचे रेणू. वर्षभराने किलोमागे एक ग्रॅमच्या खाली गेला. वास गेला त्याच्या कितीतरी आधी, पण वासावर विसंबायचं नाही असं ताई बजावत होती. तिने डब्यांत मूग पेरून बघितले. सहाव्या महिन्यात दहातले चार उगवले, तेही वाकडेतिकडे. चौदाव्या महिन्यात नऊ.

माती परत रानात पसरली. त्या दोन गुंठ्यांत मामांनी यंदा मका केला, तोही ढेंच्यासारखा नांगरून मातीतच गाडायला. म्हशींना टाकला नाही. भुईमूग मात्र करायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलंय, शेंग जमिनीत धरते म्हणून. मका बाजूच्या पट्ट्यापेक्षा वीतभर बुटका आहे. लग्न झालं, थोडं कर्ज काढून.

दिवाळीला गेलो की तीन फुटांखालचा नमुना काढायचाय. ताई लॅबशी बोललीये, जागेवर मामांनी बांबू रोवून ठेवलाय, आणि खड्डा मी खणायचा असं माझ्या गैरहजेरीत ठरलंय.